वेलचीच्या जोडीला

शनिवारी सकाळी कॅथरिन केळीच्या बागेत साचलेलं पाणी फावड्याने पाटाकडे ओढत होती, तेव्हा हेमांगी फाटकात येऊन उभी राहिली. तिने छातीशी एक खोका धरला होता. विरारला राहणारी ही नर्स दर रविवारी बाजारात कॅथरिनकडून अळू आणि गवार घ्यायची. दोन वर्षांची ओळख, पण गिरीज गावातल्या वाडीवर ती पहिल्यांदाच येत होती.

"आंटी, रागावू नका," ती म्हणाली. "मला दुसरं कोणी आठवलंच नाही."

कॅथरिनने चिखलाचे हात साडीला पुसले आणि खोक्याचं झाकण उचललं. आत कोंबडीचं पिल्लू आहे असं तिला वाटलं. मग तिने लालभडक तुरा पाहिला, पोटऱ्यांवरची पिसं पाहिली आणि ती खाली वाकली. ही चांगली वाढलेली कोंबडी होती. तांबूस, सोनेरी, पण कबुतराहून जेमतेम थोडी मोठी.

"एवढीच?"

"एवढीच राहते. जातच बुटकी आहे तिची. दीड वर्ष माझ्या बाल्कनीत होती. आता सोसायटीने लेखी नोटीस दिली. पहाटे आवाज करते म्हणे." हेमांगीने आत हात घालून कोंबडीची पाठ चोळली. "आणि खरं सांगू का, मलाच बघवत नाही. मी ड्युटीवर गेले की ही एकटी. तिच्यासाठी भिंतीवरचा आरसा खाली ठेवला मी. दिवसभर त्याला टेकून बसते."

कॅथरिनने कोंबडीला दोन्ही हातांत घेतलं. पिसांच्या आत अंग होतं म्हणावं तर होतं. काळीज मात्र बोटांवर धडधडत होतं.

"नाव काय?"

"स्वीटी."

"आमच्यात हिला वेलची म्हणू," कॅथरिन म्हणाली. मागे केळींवर वेलची जातीच्या केळ्यांचे घड लोंबत होते, एकेक केळं बोटभर.

पडवीत तिचा नवरा रॉबर्ट आरामखुर्चीत बसला होता. तो नुसता बघत होता. अकरा महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय सुधारला, काठी घेऊन चालायचा. जीभ सुधारली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. चाळीस वर्षं त्याने सुतारकी केली होती, अर्ध्या गिरीजच्या दारांना त्याच्या हातच्या चौकटी होत्या. आता कॅथरिन त्याच्या ताटातला मासा काटे काढून द्यायची आणि तो मान खाली घालून खायचा.

दुपारी कॅथरिनने वेलचीला आपल्या चार गावठी कोंबड्यांमध्ये सोडलं. कोंबडी ती कोंबडी, असा तिचा हिशोब. ती पाण्याचं भांडं भरून वळली तोवर चौघींनी वेलचीला कुंपणाच्या कोपऱ्यात दाबलं होतं आणि मोठी काळी तिच्या तुऱ्यावर चोच मारत होती. कॅथरिनने चपला फेकून त्यांना हाकललं. तुऱ्यातून रक्त येत होतं. तिने हळद दाबली आणि वेलचीला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलं.

त्यानंतर वेलचीने खाणं सोडलं. कण्या टाकल्या, भिजवलेला पाव टाकला, नारळाचा चव टाकला. ती बघायची आणि मान फिरवायची. कॅथरिन जिथे जाईल तिथे तिच्या टाचांमागे चालायची. कॅथरिन वाडीत उतरली की उंबऱ्यावर उभी राहून बारीक, लांबट आवाजात ओरडत राहायची. सोमवारी संध्याकाळी त्यांची लेक टिफनी ऑफिसातून आली, तेव्हा वेलची घासलेल्या पितळी हंड्याला अंग लावून बसली होती. हंड्यात दुसरी कोंबडी दिसत होती.

टिफनी एकतीस वर्षांची, अंधेरीला एका कंपनीत हिशेब बघायची. बॅग न काढताच ती खाली बसली.

"मम्मी, किती दिवस खाल्लं नाय हिने?"

"तिसरा."

टिफनी फोनवर वाचत गेली, वाचता वाचता तिचा चहा निवला. शेवटी म्हणाली, "ही एकटी जगायची नाय. कळपातलं पाखरू आहे. हिला हिच्याएवढ्याच हव्यात. मोठ्या हिला मारून टाकतील. निदान दोन तरी आणायला हव्यात."

"आणल्या तर ठेवायच्या कुठे?" कॅथरिन म्हणाली. "हंड्याशेजारी?"

"घर लागेल," रॉबर्ट पडवीतून म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. त्याने आपणहून काही म्हटल्याला किती दिवस झाले होते ते कॅथरिनला आठवेना.

"जमिनीपासून वर," तो म्हणाला. "इकडे पाणी येतं."

बुधवारी सकाळी मोठी काळी नाहीशी झाली. जुन्या खुराड्याच्या खालची माती उकरलेली होती आणि भोकाशी थोडी पिसं चिकटली होती. मुंगूस. रॉबर्ट काठी टेकत मागे गेला, वाकून त्याने खुराड्याची फळी नखाने दाबली. नख आत गेलं.

"हे मीच केलं होतं," तो म्हणाला. "टिफनीच्या पहिल्या कम्युनियनच्या साली, ती आठेक वर्षांची होती. कुजलं."

मग कॅथरिनकडे न बघता म्हणाला, "माझी पेटी खाली काढ."

पेटी माळ्यावर होती. कॅथरिनने शिडी लावली, पेटी डोक्यावर घेऊन उतरली. आत करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. रॉबर्टने एकेक काढून पायरीवर मांडलं. डाव्या हातात करवत धरून त्याने हवेतच दोनदा मागेपुढे केली. कॅथरिन म्हणाली, "लाकूड कुठलं घेऊ?"

गोठा मोडला तेव्हाच्या सागवानी पट्ट्या मागच्या पत्र्याखाली होत्या. त्या तिने ओढून आणल्या. पट्टी शिकंज्यात अडकवली, रॉबर्टने पेन्सिलीने रेघ मारली. रेघ वाकडी गेली. त्याने पुसली, पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ती सरळ आली. मग करवत. पहिल्या चार ओढींना पातं उडून रेघेबाहेर गेलं.

"मी ओढू का?" कॅथरिन म्हणाली.

"तू धर. ओढायला मी आहे."

पट्टी कापायला पाऊण तास लागला. एके काळी तीन मिनिटांचं काम. तुकडा खाली पडला तेव्हा रॉबर्टच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. कॅथरिनने पदराने पुसला. तो म्हणाला, "दुसरी लाव."

शेजारचा एडवर्ड बाइकवरून जाताना फाटकाशी थांबला. एक पाय खाली टेकून कॅथरिनला म्हणाला, "अगं मिस्त्रीला कशाला राबवतेस? प्लास्टिकचं तयार मिळतं बाजारात. हलकं, धुवायला बरं. त्याला बसू दे आरामात."

रॉबर्ट दोन हातांच्या अंतरावर उभा होता. एडवर्डने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"त्यालाच विचार की," कॅथरिन म्हणाली.

एडवर्डने हसून बाइकला किक मारली. रॉबर्टने रंध्याचं पातं अंगठ्याने तपासलं आणि पुढची पट्टी घेतली.

चार दिवस असेच गेले. सकाळी कॅथरिन भाजी खुडायची, जुड्या बांधायची, बाजार करून अकराला परत यायची. रॉबर्ट तोवर तयार बसलेला असायचा. संध्याकाळी टिफनी चपला न काढता मागे धावायची, "कुठवर आलं?" म्हणत. वेलचीला कॅथरिन टोपलीत घालून कामाशेजारीच ठेवायची. लाकडाच्या भुश्यात वेलची पाय रोवून बसायची, एखादी कणी उचलायची. फार नाही, पण गिळायची. टिफनीने एका सहकाऱ्याकडून चांदीप गावच्या जयरामचा नंबर मिळवला होता. भातशेती करणारा म्हातारा, हौसेने बुटक्या कोंबड्या पाळतो म्हणे.

रविवारी चर्चमधली मिस झाल्यावर मायलेकी स्कूटरवरून निघाल्या. महामार्ग ओलांडून पूर्वेकडे गेलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंना पोटरीवर आलेला भात, त्यावर ढगांची सावली सरकत होती. कॅथरिन मागे बसून टिफनीच्या खांद्यावर थापट्या मारत होती. "जरा जोरात चालव की."

"मम्मी, कोंबड्या पळून नाय जात."

"दुसरं कोणी नेलं तर?"

जयरामच्या अंगणात त्या पोचल्या आणि कॅथरिन स्कूटरवरून उतरायची विसरली. तीसेक होत्या. काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या कवड्या, राखी, सगळ्या वेलचीएवढ्या. तुसाच्या ढिगावर उकरत होत्या, एकमेकींच्या अंगावरून चालत होत्या, आणि त्यांच्यातून एक सतत बारीक कुजबुज येत होती. कॅथरिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वेलची हेच बोलत होती आठ दिवस, आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

जयराम सत्तरीचा, उघड्या अंगाचा, कमरेला पंचा. त्याने खाटेवर जागा केली.

"तुमच्याकडं किती हायेत?"

"एकच."

"मंग दोन न्या. एक नेली तर दोघींत कायम भांडन. तिघी बऱ्या." तो थांबला. "घर हाय?"

"नवं करतोय. झालंच आहे," कॅथरिन म्हणाली.

"मंग मी येतो बघाया."

टिफनी हसली. "काका, आज आम्ही घेऊनच जायला आलोय."

जयराम हसला नाही. "पोरगी देताना घर बघतात ना? गेल्या साली एका फार्महाउसवाल्याला सहा दिल्या. मोटं घर, रंग दिलेला. आठ दिसांत मुंगसानं सहाच्या सहा नेल्या. पानी पन आत येत व्हतं. आता मी बघून देतो. मंगळवारी येतो."

परत येताना कॅथरिन वाटभर बोलत होती. रात्री बसायला दांडी कुठे, अंडी घालायला पेटी कुठे, लोळून उवा घालवायला राखेची परात कुठे. टिफनी फक्त हूं हूं करत होती.

मंगळवारी रॉबर्टने दाढी केली. डाव्या हाताने, त्यामुळे हनुवटीवर दोन जागी कापलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. घर मागच्या अंगणात उभं होतं, विटांच्या चार पायांवर, गुडघाभर उंच. छपराला पत्रा, पावसाच्या बाजूला उतार, छपराखाली वारा खेळायला फट, पुढे जाळीचं छोटं अंगण. कॅथरिनने खाली तूस पसरलं होतं. ती सकाळपासून दहा वेळा तिकडे जाऊन आली होती.

जयराम आला, पाणी प्यायला आणि सरळ मागे गेला. त्याने घराभोवती एक फेरी मारली. बिजागरी हलवली. आत डोकं घालून वास घेतला. सांध्यावर अंगठा फिरवला.

"जोडकाम कुनी केलं?"

"मी," रॉबर्ट म्हणाला.

जयरामने त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, मग डाव्याकडे. "डाव्यानं?"

"डाव्यानं."

"जोड चांगला हाय. खुंटी मारलीस, खिळा नाय. चांगलं केलंस." मग त्याने जाळीच्या एका भोकातून दोन बोटं आत घातली आणि वाकवली. "जाळी वाईट हाय. कोंबडी आत ऱ्हाईल, पन मुंगसाचा पंजा बी आत जाईल. झोपलेलीचं डोकं ओढून नेतंय ते. आनी खाली मातीत काय नाय. उकरून येईल. असं नाय चालनार, मिस्त्री."

कॅथरिनचा चेहरा पडला. तिने रॉबर्टकडे चोरून पाहिलं. अकरा महिने सगळे त्याला वा वा म्हणत होते. चमचा तोंडापर्यंत नेला तरी वा. आता हा माणूस तोंडावर सांगत होता की काम चुकलं.

रॉबर्टने मान डोलावली. "बरोबर आहे. अर्ध्या इंचाची जाळी लावतो. खाली वीतभर पुरतो."

"कवा?"

"परवा."

"मंग परवा त्यांना घेऊनच येतो," जयराम म्हणाला आणि चहाला बसला. दोघांनी सागवान आणि फणस यांवर तासभर वाद घातला. रॉबर्ट इतकं बोलला की शेवटी त्याची जीभ अडखळायला लागली, तरी तो थांबेना.

जयराम गेल्यावर रॉबर्टने जाळी उचकटायला सुरुवात केली. टिफनी दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाजारातून नवी जाळी घेऊन आली, पाऊस सुरू झाला तो त्याच वेळी. सपसप, न थांबणारा. त्यांनी केळीच्या दोन खुंटांना ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली काम चालू ठेवलं. कॅथरिन जाळी ताणून धरायची, टिफनी खिळा चिमट्यात धरायची, रॉबर्ट हातोडी मारायचा. एकदा चिमटा घसरला आणि हातोडी कॅथरिनच्या अंगठ्यावर बसली.

"मेले गं माय," ती ओरडली आणि चिखलात बसली.

रॉबर्ट पांढरा पडला. कॅथरिनने अंगठा तोंडात धरला, त्याच्याकडे पाहिलं, आणि अंगठा तोंडातच असताना हसायला लागली. "नेम तरी चांगला आहे तुमचा," ती कशीबशी म्हणाली. मग रॉबर्टही हसला, तोंड एका बाजूला ओढलं जाईतो, आणि टिफनी केळीचा खुंट धरून हसत राहिली.

गुरुवारी वाडीत घोटाभर पाणी होतं. अळूची पानं पाण्यावर तरंगत होती. कोंबड्यांच्या घराचे विटांचे पाय पाण्यात उभे होते, पण कॅथरिनने आत हात घातला तर तूस खडखडीत कोरडं होतं. तिने मूठभर तूस रॉबर्टला आणून दाखवलं. त्याने बोटांत चोळून पाहिलं.

"तो येणार नाय आज," टिफनी म्हणाली. "रस्त्यावर पाणी आहे."

कॅथरिन फाटकाशी छत्री घेऊन उभी राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला वळणावर प्लास्टिकखाली काहीतरी हललं. जयराम होता. बस जिथवर आली तिथून तो चालत आला होता. लुंगी मांड्यांपर्यंत खोचलेली, डोक्यावर प्लास्टिकने झाकलेलं डालगं.

"आल्या, आल्या," कॅथरिन मागे वळून म्हणाली आणि छत्री विसरून पाण्यात धावली.

डालग्यात एक काळी होती आणि एक कवडी. दोघी चिकटून बसलेल्या. जयरामने नव्या जाळीत करंगळी घालून पाहिली, गेली नाही. खाली माती खोदून पाहिली, जाळी लागली. त्याने रॉबर्टच्या डाव्या हातात हात दिला.

"मध्ये जाळी लावून ठेवा," तो म्हणाला. "तुमची एका बाजूला, ह्या एका बाजूला. सात दीस. बघू दे, बोलू दे. घाई केली तर मारामारी."

त्याने जाताना वेलची केळ्यांचा एक घड खांद्यावर घेतला.

त्या दिवशी वेलचीला आत ठेवलं, तेव्हा ती कोपऱ्यात थिजल्यासारखी उभी राहिली. पलीकडे कवडीने तूस उकरलं आणि टुकटुक केलं. वेलचीची मान लांब झाली. ती एकेक पाऊल टाकत जाळीजवळ आली. कवडीने एक कणी उचलली. वेलचीने आपल्या बाजूची एक उचलली. मग दुसरी. मग तिने वाटीच उकरून सांडली आणि भरभर खायला लागली, पिसं फुगवून, पायाने उडवत.

टिफनीने हेमांगीला फोन लावला आणि काही न बोलता फोन जाळीशी धरला. पलीकडून हेमांगी "स्वीटी, स्वीटी" म्हणत होती आणि वेलचीला खाण्यापुढे ऐकायला वेळ नव्हता.

ते सात दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बाजारात गिऱ्हाइकांना कॅथरिन भाजीबरोबर कोंबड्यांच्या बातम्या द्यायची. रॉबर्ट सकाळी खुर्ची पडवीतून उचलायला लावून मागे नेऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी तिघी जाळीच्या दोन बाजूंना अंगाला अंग लावून बसल्या, मधे फक्त तार.

आठव्या दिवशी सकाळी हेमांगी रात्रपाळी संपवून तशीच आली, डोळे लाल. टिफनीने खिळे काढले. रॉबर्टने मधली जाळी ओढून घेतली.

काळी थेट वेलचीवर धावली. चोच, पिसं, एक किंचाळी. कॅथरिन पुढे झाली, तर रॉबर्टने तिचं मनगट पकडलं.

"थांब. ठरवू दे त्यांना."

वेलची उडाली, वळली आणि काळीच्या मानेवर उलट चोच मारली. दोघी छाती भिडवून उभ्या राहिल्या. कॅथरिनने डोळे मिटले. उघडले तेव्हा काळी राखेच्या परातीत बसून अंगावर राख उडवत होती आणि कवडी तिच्याजवळ उतरत होती. वेलची कडेला उभी राहून बघत होती. मग तीही परातीत शिरली. जागा दोघींची होती, तरी शिरली.

हेमांगीने नाक पुसलं. "हिला मी दीड वर्ष राख दिली नाही," ती म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं."

ती दुपारभर टिफनीच्या खोलीत झोपली आणि संध्याकाळी पुन्हा सगळे मागे जमले. ढग पांगले होते. नारळांच्या झावळ्यांवर पिवळं ऊन होतं. ते उतरलं तशी काळी फडफडून आत दांडीवर चढली. कवडी चढली. वेलची खाली उभी राहून वर बघत होती. तिने अंग खाली घेतलं, उडी मारली, छातीने दांडीला आपटली आणि पडली.

"मीच तिच्या पंखांची पिसं कापली होती," हेमांगी हळूच म्हणाली. "बाल्कनीतून पडू नये म्हणून."

वेलचीने पुन्हा उडी मारली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिचा एक पाय दांडीला लागला आणि सुटला. टिफनी दाराकडे गेली. "मी ठेवते तिला वर."

"नको," रॉबर्ट म्हणाला. "पहाटे उतरताना पाय मोडेल. थांब जरा."

वेलची तुसात बसली. तिचा तो बारीक, लांबट आवाज निघाला, एकदाच. दांडीवर कवडीने मान वाकडी करून खाली पाहिलं. ती थोडा वेळ तशीच बसली. मग पंख अर्धे उघडून धपकन खाली उतरली आणि वेलचीच्या अंगाला अंग लावून बसली. काळी वर एकटीच राहिली. ती दांडीवरून इकडून तिकडे चालली, कुरकुरली, पुन्हा चालली, आणि शेवटी तीही उतरली. वेलचीच्या दुसऱ्या बाजूला तिने जागा केली. तिघींची पिसं फुगली आणि मधली दिसेनाशी झाली.

कॅथरिनने दार लावलं, कडी घातली, ओढून पाहिली.

"दांडी उंच झाली," रॉबर्ट म्हणाला. त्याने डावा हात जाळीला लावून बोटांनी अंदाज घेतला. "सकाळी वीतभर खाली घेतो."